जालूचं लाल तोंड

माझा भाऊ जालिंदर दारू पीत नाही. आयुष्यात कधी प्यायलेला नाही. हे मी आता कुणालाही न विचारता सांगते, अगदी एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा. ती माझ्याकडे बघत राहते, की बाई, तुला विचारलं कुणी? कुणी विचारलेलं नसतं. पण मला सांगावं लागतं, कारण तो पितो असं अख्ख्या डिंगोरे गावात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणणारी मीच होते.

मी भागू. जालूपेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला शिनोलीला दिलंय, तिथल्या अंगणवाडीत मी सेविका आहे. माझी जीभ कशी आहे हे जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत माहीत आहे. आम्ही धनगर. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचो. वडिलांनी निम्मी मेंढरं विकली आणि उरलेली पिऊन टाकली. शेवटी शेवटी त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं, डोळे तारवटलेले, आणि पन्नाशी गाठायच्या आत ते गेले. मी तेव्हा चौदा वर्षांची, जालू आठ वर्षांचा. आमची आई, तुकाबाई, लोकांच्या शेतात खुरपायला जाऊन आम्हाला वाढवू लागली. तेव्हापासून आमच्या घरात पुरुषाच्या लाल तोंडाचा एकच अर्थ होता.

जालू दिसायला थेट वडिलांवर गेलेला. तसाच उंच, तसाच उजळ. स्वभाव मात्र कुणाचा घेतला देव जाणे, आमच्यात इतकं मऊ कुणी नव्हतं. त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि वाड्यावस्त्यांवरची पोरं ओतूरच्या शाळेत न्यायला-आणायला लागला. कुठलं पोर खिडकीशी बसलं नाही तर ओकतं, कुणाच्या घरी आईबाप भांडलेत, कुणाचा डबा आज रिकामा आहे, हे त्याला सगळं ठाऊक. पोरं उतरताना तो मोठ्यानं मोजायचा आणि मुद्दाम एक आकडा चुकायचा, मग सगळी पोरं ओरडून त्याची चूक दुरुस्त करायची. बिरोबाच्या जत्रेत ढोल त्याचाच. माझी भावजय नंदा म्हणायची, ह्यांना घरात दोन शब्द मोठ्यानं बोलता येत न्हाईत, सगळा आवाज त्या ढोलात हाय.

चाळिशीला टेकला तसं त्याचं तोंड लाल दिसायला लागलं. आधी नुसते गाल, तेही उन्हातून आला की. मग नाक. मग लाली उतरायची बंद झाली आणि गालांवर बारीक पुळ्या आल्या. सकाळी डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या. मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वडीलच उंबऱ्यात उभे आहेत असं वाटलं.

नंदाला बाजूला घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, "उन्हानं हाय, वन्सं. दिवसभर गाडीवर असत्यात."

"ऊन आमाला बी लागतं," मी म्हणाले.

तो पाया पडायला वाकला तेव्हा मी चक्क त्याच्या तोंडाचा वास घेतला. बडीशेपेचा वास आला. जेवून उठलेला माणूस, बडीशेपेचाच येणार. पण मी मनात म्हटलं, वा रे वा, वास मारायला बडीशेप! दारूचा वास आला असता तरी पितो, आणि नाही आला तरी पितो. माझ्या कोर्टात त्याला सुटायला वाटच नव्हती.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. मधेच आठ-पंधरा दिवस त्याचं तोंड एकदम निवळायचं आणि मग पुन्हा पहिल्यापेक्षा लाल व्हायचं. मी त्याचाही अर्थ लावून ठेवला होता, की बायकोनं शपथ घातली की सोडतो आणि मित्र भेटले की धरतो. आमच्या वडिलांचं तसंच चालायचं. आईलाही मी फोनवर हेच सांगितलं. आई जालूकडेच राहायची, रोज त्याला बघायची, तिला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. माझ्या फोननंतर तिला दिसायला लागलं.

त्या चैत्रात बिरोबाच्या जत्रेला मी मुद्दाम दोन दिवस आधी गेले. आमच्यात एखाद्याच्या बोलण्याचा भरवसा उरला नाही की त्याला देवापुढं बेलभंडारा उचलायला लावतात. हातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, म्हणजे हळद, आणि ती मूठ धरून शपथ. खोटं बोलून भंडारा उचलायची कुणाची छाती होत नाही. जत्रेच्या दिवशी भर दुपारी, पालखी टेकल्यावर, सगळ्या भावकीसमोर मी उभी राहिले आणि म्हणाले, "गेणभाऊ, माझ्या भावाला भंडारा उचलायला लावा. त्यो पितो का न्हाई ते देवाला सांगू द्या."

गेणभाऊ म्हणजे आमचा पुजारी, म्हातारा माणूस. तो घुटमळला. म्हणाला, "भागू, घरातलं घरात बघावं."

"घरातलं घरात बघून माझा बाप मेला," मी म्हणाले. मला चांगलं बोलता येतं, हा माझा शाप आहे.

जालू तासभर ढोल वाजवून घामाघूम होता. त्यानं ढोल खाली ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढं येऊन भंडारा उचलला. "मी आजवर दारूला हात लावल्याला न्हाई," तो म्हणाला. गेणभाऊनं रिवाजाप्रमाणे त्याच्या कपाळाला आणि गालांना भंडारा फासला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं तोंड पेटलं. हळदीच्या खालून लाली वर आली, मानेपर्यंत उतरली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो गाल धरून मागे सरला.

बायकांत कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "देवानं दाखीवलं."

ऊन होतं, घाम होता, कातडी आधीच सोलवटलेली आणि तीवर हळद चोळलेली, आणि शेदीडशे माणसांपुढे सख्ख्या बहिणीनं उभं केलेलं. कुणाचंही तोंड लाल झालं असतं. पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी आईकडे बघितलं. तिनं पदर तोंडावर घेतला होता. मला काय वाटलं ते खरं सांगते: मला वाटलं, बरं झालं, आता तरी सुधारेल.

पुढच्या सोमवारी व्हॅनमध्ये निम्मीच पोरं होती. पिऊन गाडी चालवतो तो चालवतोच, वर देवाची खोटी शपथ घेतो, अशा माणसाच्या हातात पोरं कोण देईल? आणि महिन्याभरात आईनं पिशवी भरली. मला फोन करून म्हणाली, "भागू, मला घिऊन जा. एक डाव बघितलं, परत त्येच तोंड बघायची ताकद न्हाई माझ्यात." मी लगेच गेले आणि तिला शिनोलीला घेऊन आले.

आई माझ्याकडे दीड वर्ष राहिली. जालू दर महिन्याला तिला भेटायला यायचा. डिंगोऱ्याहून जुन्नर, तिथून घोडेगाव, तिथून शिनोली, सगळा रस्ता उन्हावाऱ्यात मोटारसायकलवर. मग पोचेपर्यंत तोंड कसं असणार? त्यात मी पाहुणचार म्हणून आल्या आल्या कडकडीत चहा हातात द्यायची आणि जेवायला तिखटजाळ कालवण. म्हणजे त्याचं तोंड जितकं लाल व्हायचं तितकं माझ्याच घरात व्हायचं, आणि तेच आईला दिसायचं. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. तो पायथ्याशी बसून तिचे पाय चेपायचा, तासभर, आणि उठून जायचा. एकदाही मला उलटून बोलला नाही. मला तेही गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटायचं.

कार्तिकात आई गेली. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "जालूला म्हनावं, बापाच्या वाटंनं जाऊ नको." तेवढंच. जालू पोचला तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं. तिचा निरोप मी त्याला सांगितला नाही. सुतकात कशाला, नंतर सुनावू, असा माझा विचार होता.

तो निरोप सुनावायची वेळ येण्याआधीच दुसरं निघालं. जालूच्या लायसनची मुदत संपत आली होती आणि त्याच्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. त्याला तर समोरून येणाऱ्या गाडीचा उजेडही सहन होईना, डोळ्यांत सारखी माती गेल्यासारखं वाटायचं. डोळ्याच्या डॉक्टरनी पापण्या उलटून बघितल्या, मग चेहरा बघितला आणि म्हणाले, ह्या दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या दिसतायत, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. नंदानं मला फोन केला. मी म्हटलं, मी येते सोबत. मनात काय होतं? की हा तिथं जाऊन खोटं बोलणार, डॉक्टरला खरं सांगायला कुणीतरी पाहिजे.

नारायणगावला दवाखाना होता. डॉक्टर अश्विनी, वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं जालूला खिडकीशी बसवलं, एका छोट्या यंत्राचं भिंग गालाला लावून बघितलं, नाकाच्या कडेच्या लाल रेषा बघितल्या. मग विचारायला लागली.

"ऊन लागलं की वाढतं?"

"व्हय."

"गरम चहा प्यायल्यावर? तिखट खाल्ल्यावर?"

"लई आग हुती."

"राग आला, लाज वाटली, चारचौघांत उभं राहावं लागलं, तर?"

जालू खाली बघून म्हणाला, "व्हय. तवा सगळ्यात जास्त."

"दारू घेता?"

"घेतो," मी म्हणाले.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी त्यांना विचारलंय."

"न्हाई घेत," जालू म्हणाला. तिनं कागदावर लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. त्याचं म्हणणं खरं मानायला तिला तेवढाच वेळ लागला.

मग तिनं समजावलं. ह्याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या जरा काही झालं की फुलतात, आणि कातडी चिडकी होते. तारुण्यपीटिका नाही, लागट नाही, कुणाच्या वागण्याची शिक्षा तर नाहीच. काहींच्या डोळ्यांतही उतरतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही म्हणून पुष्कळ जण वर्षानुवर्षं तसेच राहतात. "दारूनं भडकू शकतो," ती म्हणाली आणि आता माझ्याकडे बघितलं, "पण एक थेंब न घेणाऱ्यांनाही होतो. माझ्याकडे याच्यासाठी येतात त्यात बायकाच जास्त असतात. त्या सगळ्या पितात का?"

मग ती जालूकडं वळली.

"चेहऱ्याला काय लावता?" तिनं विचारलं. जालूनं शर्टच्या खिशातून चेपलेली ट्यूब काढली. बाजारातल्या कुणीतरी सांगितली म्हणून मेडिकलमधून आणलेली. डॉक्टरनं नाव वाचून कपाळाला हात लावला. स्टिरॉइडचं मलम. लावलं की आठ दिवस तोंड निवळतं, सोडलं की दुप्पट भडकतं, आणि कातडी पातळ होत जाते. म्हणजे माझा तो धरसोडीचा हिशेब, सोडतो आणि धरतो, तो खराच होता. फक्त तो दारूचा नव्हता, ट्यूबचा होता.

"ही लपवून का ठेवत व्हतास?" मी बाहेर, एसटी स्टँडवर आल्यावर विचारलं.

"बाप्या मानूस तोंडाला क्रीम लावतो म्हनून हसाल," तो म्हणाला. "आन पुढं आयला माज्याकडं बघवत न्हवतं. म्हनलं, शिनोलीला जायच्या आधी लावू, जरा बरं दिसंल."

मी तिथं स्टँडवर, भाजीच्या पाट्यांच्या मधे, उभ्या उभ्या रडले. लोक बघत होते. बघू देत. चारचौघांत त्याला उभं केलं तेव्हा मला लाज वाटली नव्हती.

औषध सुरू झालं. ट्यूब बंद, आणि ती बंद केल्यावर दोन-तीन आठवडे तोंड आणखी भडकेल हे डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. रोज एक गोळी, रात्री लावायला वेगळं मलम, साबणाऐवजी एक सौम्य धुणं, पापण्यांना कोमट पाण्याचा शेक, आणि घराबाहेर पडताना उन्हाचं क्रीम. चहा कोमट, तिखट बेतानं. मुळापासून जाईल असं डॉक्टर म्हणाली नाही, आटोक्यात राहील म्हणाली. मी रोज सकाळी फोन करायची, "क्रीम लावलंस का?" आठवड्यानं नंदाच कंटाळली. म्हणाली, "वन्सं, आंगनवाडीतल्या पोरांना करा की फोन."

अडीच महिन्यांनी पुळ्या गेल्या. लाली पुष्कळ उतरली. डोळे स्वच्छ झाले, दाखला मिळाला. त्या चैत्रात मी परत बिरोबाला गेले आणि पालखी टेकल्यावर पुन्हा सगळ्यांसमोर उभी राहिले. डॉक्टरचा कागद हातात होता. "माझा भाऊ खरा हाय. मी खोटी," मी म्हणाले. "त्याच्या तोंडाला रोझेशिया नावाचं दुखनं झालंया."

"काय म्हनली? रोज काय?" गेणभाऊनं कानामागं हात धरला.

"रोझेशिया!"

"आसंल," गेणभाऊ म्हणाला. "पन देवानं काय दाखीवलं न्हवतं म्हनायचं." भंडारा त्याच्या हातानं फासलेला. मग त्यानं स्वतः ढोल उचलून जालूच्या गळ्यात घातला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा व्हॅन भरलेली होती.

मला वाटलं, फिटलं. म्हणजे आईचं सोडून बाकीचं फिटलं. जालू तर मला आधीसारखाच अक्का म्हणून हाक मारत होता. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, "तुला बापाची भीती व्हती, अक्का. मला कळतं ते." अशा माणसाला मी देवापुढं उभं केलं होतं.

मग श्रावणात तो शिनोलीला आला. जेवला, आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानं विचारलं, "अक्का, आय शेवटी माझ्याबद्दल काय म्हनली?"

इतक्या दिवसांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं. निवळलेला चेहरा, पांढरे स्वच्छ डोळे. हे तोंड आईनं एकदा बघायला हवं होतं. मी आयुष्यभर खरं बोलायचा तोरा मिरवला. ह्या एका माणसाला खरं बोलायला लावण्यासाठी देवाला मधे घातलं. आणि मी म्हणाले, "म्हनली, लोकं काय बी म्हनू द्या. माझा जालू पीत न्हाई."

त्यानं डोळे मिटले. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "मनात कुठंतरी ठावं व्हतं." त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. खोटं बोलून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "मंग ती घरी का न्हाई आली?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. तिला माहीत होतं तर दीड वर्ष ती भिंतीकडं तोंड करून का पडली? तिला कुणी धरून ठेवलं होतं? तो उत्तराची वाट बघत होता आणि मला उत्तर एकच दिसलं. नीट बघितलं तर ते फारसं खोटंही नव्हतं.

"तिला यायचं व्हतं," मी म्हणाले. "मीच येऊ दिलं न्हाई."

तो उठला, चपला घातल्या. टोपी घातली. मोटारसायकल सुरू करताना म्हणाला, "एवढं नको व्हतं करायला." अक्का म्हणाला नाही.

भंडाऱ्याचं त्यानं मला माफ केलं होतं. ह्याचं करता येत नाही त्याला, आणि मी दोष देत नाही. खरं सांगितलं तर भाऊ मला परत मिळेल, पण त्याची आई जाईल. एकदा मी ती त्याच्याकडून नेली होती. दुसऱ्यांदा नेणार नाही.

यंदा भाऊबीजेला मी ताट करून दिवसभर वाट बघितली. संध्याकाळी नंदाचा फोन आला, ह्यांना शाळेच्या पोरांना सोडायला जायचंय, जमणार न्हाई म्हनत्यात. मी बरं म्हटलं. दिवाळीत शाळेला सुट्टी असते.